आठव्या दिवसाची खुर्ची

खुर्ची मागायला बाळाजी स्वतः येईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. निरोप येईल, कुणी मध्यस्थ येईल, असं माझा भाऊ इसाजी धरून चालला होता आणि मध्यस्थाला काय उत्तर द्यायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. पण दुपारची जेवणं उरकली आणि फाटक वाजलं. बाळाजी आला. त्याच्याबरोबर बाबांचे जुने दोस्त, कल्याणचे हुसेनमियां होते, सुझाना सुईण होती, आणि या तिघांच्या मागे, फाटकाच्या बाहेरच, डोक्यावर पदर घेऊन गोदा उभी होती.

बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत बाळाजी दोनदा आमच्या दारापर्यंत आला होता. एकदा मातीच्या वेळी, एकदा तिसाव्या दिवशी. दोन्ही वेळा तो पुरुषांच्या मागच्या रांगेत उभा राहिला आणि तिथूनच खोपटला परत गेला.

आई असेपर्यंत आमच्या घरात गोदाचं नाव कधी निघालं नाही. आई 'खोपट' म्हणायची. "आज खोपटला जेवणार का?" ती बाबांना विचारायची, जसं काही तिथे गावच ताट वाढतं. मिठागरावर काम करणारी गोदा, तिचं वाटेकडेचं कुडाचं घर, आणि माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, इसाजीहून तीन वर्षांनी मोठा तिचा मुलगा, हे सगळं आमच्या घरात त्या एका शब्दात मावत असे. बाबांनी त्या मुलाचं नाव बिन्यामीन ठेवलं होतं. लोक त्याला बाळाजी म्हणत.

"ये," इसाजी म्हणाला. बस म्हणाला नाही.

हुसेनमियां मात्र सरळ बाकावर टेकले. "मला तरी बस म्हण, बाबा. कल्याणपासून आगगाडीत उभा आलोय. गुडघ्यांना घराणं नसतं."

बाळाजी उभाच राहिला. हात सुताराचे, बाबांसारखे. अंगठ्यांची नखं तशीच चपटी. बाबांना कफन नेसवलं त्या दिवसापासून मी तशी नखं पाहिली नव्हती. मी खाली बघितलं.

"उद्या आठवा दिवस," तो म्हणाला. "पोराला करारात घ्यायचंय. खुर्ची नेऊ का?"

"आणि?"

"आणि बाबांचं नाव ठेवीन म्हणतो. एलोजी."

आतल्या दारात उभी असलेली माझी भावजय, लेआ, हे ऐकून एक पाऊल पुढे आली. तिला पाचवा महिना होता. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावरचा पाचवा महिना.

आम्हा इस्राएल, म्हणजे यहुदी, लोकांत मुलाची सुंता आठव्या दिवशी होते आणि तेव्हा एक खुर्ची रिकामी ठेवतात. तिच्यावर एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, येऊन बसतो म्हणतात. आमच्या घरची खुर्ची बाबांनी स्वतः सागवानाची केली होती आणि आमच्या भावबंदांत कुठेही मूल झालं की ती तिकडे जाई. ती गेली की घराण्याने मूल आपलं म्हटलं. आमची प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांनी या वेळी तसा स्पष्ट निरोप धाडला होता: एलोजी मिस्त्रींच्या घरची खुर्ची आली तर मी येईन, नाही आली तर काय समजायचं ते समजेन. नावाचंही तसंच. आजोबा गेल्यावर जो पहिला नातू करारात येईल त्याला ते नाव. एकदा दिलं की दिलं.

"खुर्ची घराण्याची आहे," इसाजी म्हणाला.

"मग मी कुठल्या घराण्याचा?"

"ते तूच सांग. काळ्या इस्राएलाची मुलं कुठल्या खुर्चीवर घेतात, मला काय ठाऊक?"

काळा इस्राएल म्हणजे रंगाने काळा नव्हे. इसाजी बाळाजीहून सावळाच होता. बाप इस्राएल आणि आई बाहेरची, की झाला काळा. त्यांचं ताट वेगळं, सोयरीक वेगळी. बाळाजीने हा शब्द जन्मभर ऐकला असेल. पण बापाच्या घरात, बापाच्या मुलाच्या तोंडून, तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने फक्त हातातली टोपी या हातातून त्या हातात घेतली.

इसाजीच्या मनात त्या दुपारी काय चाललं होतं ते त्याने मला पुढे अकरा वर्षांनी सांगितलं. तो पाच वर्षांचा असताना बाबा त्याला एकदा बाळकुमला लाकूड बघायला घेऊन निघाले. वाटेत खोपटला त्यांनी त्याला चिंचेखाली बसवलं आणि "हलू नकोस, आलोच" म्हणून कुडाच्या घराकडे गेले. परत आले ते आठ वर्षांच्या बाळाजीला खांद्यावर घेऊन. एवढा मोठा घोडा, पाय लोंबतायत, आणि बाबा हसतायत. "मला बाबांनी कधी खांद्यावर घेतलं होतं का गं, बाय?" इसाजीने मला विचारलं. मी आठवून पाहिलं. घेतलं नव्हतं. मलाही नाही.

पण त्या दुपारी यातलं काही तो बोलला नाही. तो शास्त्र बोलला.

"अब्राहामाला दोन मुलगे. दोघांची सुंता झाली. इश्माएलाची तर आधी झाली. पण देव काय म्हणाला? त्याला मोठं राष्ट्र करीन, बारा सरदार देईन. सगळं दिलं. आणि मग म्हणाला, करार मी इसहाकाशी करीन. चाचा, हे लिहिलेलं आहे. मी पदरचं सांगत नाही."

"आणि तुझं नाव इसहाक," हुसेनमियां म्हणाले.

"ते बाबांनी ठेवलं."

"बरं केलं. नाहीतर आज वाद कुणी घातला असता?" त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "आमच्यात ही गोष्ट अशी नाय सांगत. आमच्यात सुरीखाली मान दिली ती थोरल्याने, इस्माईलने. बापाबरोबर अल्लाचं घर बांधलं तेही त्यानेच. पण ते राहू दे, तू मानणार नाहीस. इब्राहीमला अल्लाने लोकांचा पुढारी केला. इब्राहीमने लगेच विचारलं, माझ्या औलादीचं काय? बापच तो. अल्ला म्हणाला, माझा करार जुलूम करणाऱ्यापर्यंत पोचत नाय. बस. कुणाच्या पोटचा, थोरला का धाकटा, काही बोलला नाय."

"म्हणजे मी जुलमी?"

"मी किताबतलं सांगितलं. तुझं नाव तू घेतलंस."

सुझानामावशी ओटीच्या पायरीवर पाय पसरून बसली होती. तळ्याकाठच्या किरिस्तावांच्या देवळाजवळ तिचं घर. आम्हा तिघांना, आणि आता बाळाजीच्या मुलाला, तिनेच जगात आणलं होतं. "तुमची ही भांडणं ऐकली का मना आमचंच बरं वाटतंय," ती म्हणाली. "बाप बघायचा नाय, आय बघायची नाय. पाणी पडलं का नवा जल्म. आमचे पाद्री बोलतात, जुना करार रगताचा होता, तो पोरांनी मोडला, म्हणून देवाने आपला पोटचा पोर दिलान आनी नवा केलान. आता कोनी पन या."

"कोणी पण?" हुसेनमियांनी विचारलं.

"कोनी पन."

"मग तुझ्या डॉरिसला त्या कोळ्यांच्या घरचं मागणं आलं होतं, ते का परतवलंस? तेही देवळातलेच ना?"

"ते येगलं."

"कसं वेगळं?"

"पाणी सगल्यांवर पडतं, मियां. विहिरी येगल्या असतात."

यावर सगळे हसले. इसाजीसुद्धा हसला, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडला. चिडून तो जे बोलायचं नाही ते बोलला.

"सुंता म्हणजे करार नव्हे. सुंता तर न्हावीही करतो. याची कशी झाली ते अख्ख्या ठाण्याला माहीत आहे. आठव्या दिवशी नाही, सातव्या वर्षी! कल्याणला चाचांच्या पोरांबरोबर, हार घालून, घोड्यावर बसवून वरात काढली. ज्याचा स्वतःचाच करार झाला नाही तो मुलाला कशात घेणार आहे?"

बाळाजीचा चेहरा बदलला.  मला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो काय करतो याची मी वाट बघत होते.

हुसेनमियां मात्र डोळे पुसत हसायला लागले. "अरे अल्ला! तो घोडा? तीस वर्षं झाली नाहीत अजून, आणि घोड्याने काय काय वाहून नेलं! इसाजी, बाळा, सुन्नत माझ्या दोन पोरांची होती. हा पाव्हणा आला होता एलोजीबरोबर. हार बघितले, घोडा बघितला, आणि जो भोकाड पसरला, मलाही पाहिजे, मलाही पाहिजे! माझ्या बायकोने गळ्यात हार घातला आणि बसवला पुढे. मिरवला आणि उतरवला. त्याची कधीच झालेली होती. माझ्याच ओटीवर, आठव्या दिवशी."

"तुमच्या ओटीवर?"

"ठाण्यात कुणी खोपटला जायला तयार नव्हतं. कल्याणला तुमच्यातला एक म्हातारा होता, आंधळा व्हायला आलेला, पण हात पक्का. एलोजी पोराला घेऊन होडीने आला खाडीतून. म्हाताऱ्याने केली. तुमचा मंत्र एलोजीने म्हटला."

"आनी पोर माज्या मांडीवर होता," सुझानामावशी म्हणाली. "होडीत ओकलान पन माज्याच अंगावर."

इसाजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एक मुसलमान आणि एक किरिस्ताव. आमच्या कराराला साक्षीदार हे!"

"तुज्या जल्माला पन मीच साक्षीदार," सुझाना म्हणाली. "तवा नाय इचारलंस माजा धरम. उलटा आलेलास. पायाला धरून फिरवला."

फाटकाबाहेरून गोदाचा आवाज आला. तीस वर्षांत आमच्या आवारात तो पहिल्यांदाच ऐकू आला. "मियांभाय, एक इचारू?"

"विचार."

"तुमी मगाशी वाटेत बोललात, जल्माच्या आगुदर देवाने सगल्या जिवांना इचारलान, मी तुमचा धनी हाय का नाय. सगले हो बोलले. त्यात माजा जीव पन व्हता?"

"होता तर. सगळ्यांचे होते. तिथे आईचं नाव कुणी विचारलं नव्हतं."

"मंग मी काय बोललू?"

"हो म्हणालीस."

"मना आठवत नाय," गोदा म्हणाली. मग म्हणाली, "पन बोलली असन. मी कवा नाय बोललू व्हती?"

कुणी हसलं नाही. लेआने आतून पाट आणला आणि ओटीखालच्या पायरीशी ठेवला. "आत या," ती म्हणाली. इसाजीने तिच्याकडे वळून बघितलं, तिने त्याच्याकडे बघितलं नाही. गोदा आली, पण पाटावर बसली नाही. पाटाशेजारी, जमिनीवर बसली.

तिथून तिला आमची मधली खोली दिसत होती. तिने काय पाहिलं ते पुढे लेआच्या बाळंतपणात एका दुपारी तिने मला सांगितलं. चूल नाही, भांडी नाहीत, भिंतीवरची खुंटी. "माज्याकडं तो पागोटं मांडीवर घेऊन बसायचा, पाव्हण्यासारका. मी बोलायची, द्या, ठेवते. नको बोलायचा. हितं त्याची खुंटी व्हती." आईचा तिला कशाबद्दल हेवा वाटत असेल असा मी लहानपणापासून विचार केला होता. खुंटी माझ्या मनात कधी आली नव्हती.

मला त्या दुपारी वेगळंच काही कुरतडत होतं. म्हणून मी विचारलं, "चाचा, त्या जिवांत बायका होत्या?"

"होत्या की. आत्ताच बोललो."

"मग पुढे करार करायची वेळ आली तेव्हा त्या कुठे गेल्या? इसाजी म्हणतो इसहाक, तुम्ही म्हणता इस्माईल, मावशी म्हणते देवाचा मुलगा. अब्राहामाला मुलगी नव्हती?"

"किताबत नाय, बेटी." ते माझ्याकडे वळले. "तू एलोजीचीच."

मला ते वाक्य लागलं. ते ज्या अर्थाने म्हणाले त्या अर्थाने नव्हे. कारण मी एलोजीची कोण, हे मला चाळीस दिवसांपूर्वी कळलं होतं.

बाबा मिशनच्या शाळेत हिब्रू शिकले आणि ती त्यांनी मला शिकवली. इसाजीला प्रार्थना पाठ होत्या, छापील अक्षर तो अडखळत वाचायचा. पण बाबांचं हाताचं अक्षर आमच्या घरात मला एकटीलाच लागायचं. मी लग्न होऊन गेले, चार वर्षांनी विधवा होऊन परत आले, आणि पुन्हा बाबांच्या समोर पुस्तक उघडून बसले. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, दुपारी आम्ही दोघं एक-एक ओळ वाचायचो. बाबा मला म्हणत, तू वाचतेस तेव्हा माझं शिकणं फुकट गेलं नाही असं वाटतं. मी त्यावर जगत होते म्हटलं तर फार झालं, पण फारसं खोटं नाही.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. शेवटच्या कोऱ्या पानावर आमचे जन्म लिहिलेले होते. माझी ओळ पहिली: 'मला मुलगी झाली, राहेल,' आणि तारीख. इसाजीची शेवटची: नाव, तारीख, आठव्या दिवशी करारात घेतला. मध्ये एक लांब ओळ होती. 'आठव्या दिवशी, कल्याण गावी, माझ्या तोंडच्या आशीर्वादाने, बिन्यामीन, बेनी, बेखोरी.' माझा मुलगा, माझा प्रथमजात. देवाने मिसरच्या राजाला इस्राएलाबद्दल हेच दोन शब्द कळवले होते. बाबांनी दुसरा शब्द बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात काढला होता.

पहिली मी होते. दोन वर्षं मी एकटीच होते. पण पहिलेपणाचा शब्द मुलीला लागत नाही, आणि बाबांनी तो जपून ठेवला आणि खोपटला दिला. मी पुस्तक मिटलं, माझ्या पेटीत साड्यांच्या तळाशी ठेवलं, आणि इसाजीने विचारलं तेव्हा सापडत नाही म्हणून सांगितलं.

"लिहिलेलं दाखवा," आता इसाजी म्हणत होता. "बाबा जन्म लिहून ठेवायचे. बाबांच्या हातचं काही असेल तर मी तोंड उघडणार नाही. पण ते पुस्तकच हरवलं."

"हरवलं नाही," लेआ म्हणाली. "बायच्या पेटीत आहे."

 लेआ माझ्याकडे बघत नव्हती. "त्यांच्या साड्या उन्हात घालायला काढल्या तेव्हा मी पाहिलं. म्हटलं, बायला बाबांची आठवण म्हणून हवं असेल. म्हणून बोलले नाही."

"लेआ, तू आपलं बघशील का?" इसाजी दबक्या आवाजात म्हणाला. "नाव गेलं तर आपल्या मुलाला..."

"आणि मुलगी झाली तर? बाबांचं नाव अजून चार महिने कुलपात ठेवून तुम्ही काय करणार? हिसकून राखलेलं नाव मला नको माझ्या पाळण्यावर." ती माझ्याकडे वळली. "बाय, आणा पुस्तक. जे असेल ते वाचा."

मी उठले. पेटीपर्यंत दहा पावलं. त्या दहा पावलांत मला कळलं की या घरात सगळ्यात मोठी सत्ता आज माझ्या हातात आहे. 'आठव्या दिवशी' असं लिहिलेलं मी 'आठव्या वर्षी' असं वाचलं तर कुणाला कळणार होतं? वाचू शकले असते ते हजानसाहेब, पण खुर्ची गेली नसती तर ते येणारच नव्हते. हुसेनमियांची साक्ष खोटी पडली असती, इसाजी जिंकला असता, आणि ती लांब ओळ पुन्हा साड्यांखाली गेली असती. मी हे चांगलं की वाईट असा विचार केला नाही. फक्त ते किती सोपं आहे याचा केला.

पुस्तक घेऊन मी ओटीवर आले आणि उजेडाकडे तोंड करून बसले. बाळाजी माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याला एक अक्षर येत नव्हतं. पण तो पानाकडे लाकडाची फळी न्याहाळावी तसा बघत होता. त्याच्या अंगाला भुशाचा वास होता. हा वास बाबांबरोबर गेला असं मी चाळीस दिवस समजत होते.

मी ओळीवर बोट ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे वाचत गेले, आधी हिब्रू, मग मराठी. "आठव्या दिवशी," मी वाचलं. माझा आवाज मला नेहमीसारखाच ऐकू आला. "कल्याण गावी. माझ्या तोंडच्या आशीर्वादाने. बिन्यामीन." बोट पुढे सरकलं. "माझा मुलगा."

मी पुस्तक मिटलं.

गोदाने पदर तोंडाशी घेतला. हुसेनमियांनी आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटून हात चेहऱ्यावरून फिरवले. सुझानामावशीने छातीवर क्रूस काढला आणि मग, आपण कुणाच्या ओटीवर आहोत हे आठवून, हात पुसल्यासारखा केला.

इसाजी खांबाला टेकून उभा होता आणि खालच्या अंगणाकडे बघत होता. मी त्याचा तो चेहरा लहानपणी खूपदा पाहिला होता. मला धडा आला आणि त्याला नाही आला की तो असा बाहेर बघायचा. शेवटी तो आत गेला आणि खुर्ची उचलून घेऊन आला. कापडाने पाठ पुसली, हात पुसले. बाळाजीसमोर ठेवली.

"मागचा उजवा पाय सैल आहे," तो म्हणाला. "रस्त्यात सांभाळ."

"पाचर मारीन."

"आता मारू नकोस. उद्या झाल्यावर मार." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "हजानसाहेबांना मी सांगतो. किती वाजता?"

"आठाला. तू येशील?"

"खुर्ची घरची आहे. घरच्या कुणी बरोबर नको?" एवढं बोलून तो आत गेला. त्याला नाव उच्चारवलं नाही. पण नावाला नाही म्हणणंही त्याने सोडून दिलं.

लेआ गोदाजवळ बसली होती. "आमच्यात मुलगी झाली," ती सांगत होती, "तर तुमच्या एलोजीने पाळणा हलवायला यायचं. सांगून ठेवते." गोदा नुसती मान हलवत होती. आयुष्यभर जिला हो म्हणण्याची सवय, तिला या वेळी हो म्हणायला शब्द सापडत नव्हता.

सगळे फाटकाकडे निघाले. हुसेनमियांना चारची गाडी गाठायची होती आणि सुझानामावशीला बाळंतिणीचा शेक. बाळाजी मागे राहिला. खुर्चीच्या हातांवर हात टेकून तो उभा होता.

"राहेलबाय."

"काय?"

"सुताराला माप कळतं. तुझं बोट 'मुलगा' वर पोचलं, तिथून आणखी एवढं पुढे गेलं." त्याने अंगठा आणि तर्जनीत अंतर धरून दाखवलं. अगदी बरोबर होतं. "बोट गेलं, आवाज गेला नाही. तिथे मोठी अक्षरं होती. काय आहे ते?"

तो रागाने विचारत नव्हता. मला वाटतं, तो रागाने विचारता तर मी सांगितलं असतं.

"शाई फुटली आहे तिथे," मी म्हणाले. "वाचता येत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांत आम्ही एकमेकांकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. पुस्तक मी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, हे मला त्याच्या नजरेवरून कळलं. शाई फुटलेलं पान कुणी असं धरत नाही.

"बरं," तो म्हणाला. "'माझा मुलगा' लिहिलंय ना? मला तेवढं पुष्कळ. पुढचं असू दे तुझ्याकडे."

थोरल्याने आपल्या ताटातलं धाकट्यापुढे सरकवावं, तितक्या सहज तो हे बोलला. आणि खुर्ची खांद्यावर चढवून, सैल पायाला एका हाताने आधार देत, खोपटच्या वाटेला लागला.